टेव्हेलिनसाठी एक स्वतंत्र संदर्भ

सोमवार, ४ मार्च

नोकरीचा पहिला दिवस पार पडला. अकरा वर्षं मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. ते बंद झालं, पुस्तकं खोक्यांत गेली आणि मी दोन बॅगा घेऊन दादा-वहिनीकडे आले. चार महिने त्यांच्या पुढच्या खोलीत नुसती वाचत बसले. शेवटी दादानेच त्याच्या कंपनीत शब्द टाकला. "वाचायचं काम आहे, पंडित," म्हणाला. "तुला सुटीसारखंच वाटेल." लहानपणापासून तो मला पंडित म्हणतो, कौतुकाने की वैतागाने, हे चाळिशी आली तरी मला ठरवता आलेलं नाही.

कंपनी त्वचेची क्रीमं बनवते. दादा तिथे एकोणीस वर्षं मिश्रण विभागात आहे. राहतं घरही कंपनीचंच क्वार्टर. मला मिळालेली खोली त्याच्या विभागाच्या भिंतीला लागून, लांबट, बिनखिडकीची. दार उघडायला गळ्यातलं कार्ड लागतं, आत यायलाही आणि बाहेर जायलाही. सकाळी गोडसर वास येतो. अकरापर्यंत तो यायचा बंद होतो. वास जात नाही, नाक शरण जातं.

काम असं आहे. कंपनीने टेव्हेलिन नावाचं एक संयुग काढलंय. त्वचा उजळ करणाऱ्या क्रीममध्ये तेच असतं. इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात टेव्हेलिनवर लेख हवा आहे, कारण बाहेरचे खरेदीदार आधी तिथे बघतात. तो ज्ञानकोश स्वयंसेवक चालवतात. कंपनीने दोनदा लेख पाठवला, दोनदा परत आला. शेरा एकच: "स्वतंत्र आणि विश्वसनीय संदर्भ नाहीत." शेरा मारणाऱ्याचं टोपणनाव 'जुनी छत्री'.

आमच्या विभागप्रमुख मॅडमना सगळे पाठीमागे 'इस्त्री' म्हणतात. कपडे पाहिल्यावर कारण विचारावं लागत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही ग्रंथालयातल्या. संदर्भ शोधून काढा."

"नसतील तर?"

"असतीलच," त्या म्हणाल्या, आणि ते वाक्य असं घडी घालून ठेवलं की पुन्हा उलगडायची सोय नाही.

शुक्रवार, ८ मार्च

मॅडमनी दिलेल्या फाइलमध्ये एकेचाळीस लेख आहेत. चार दिवसांत सगळे वाचले.

तेवीस कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या लोकांचे. नऊ अशा डॉक्टरांचे, ज्यांना कंपनीने संशोधनासाठी मदत दिली. तळाशी बारीक अक्षरात तसं छापलंय. उरले नऊ, मासिकांतले आणि वर्तमानपत्रांतले. त्यांच्यावर माझी भिस्त होती. त्यांतल्या पहिल्यात 'त्वेचा पोत' असं छापलेलं दिसलं. त्वचेचा म्हणायचं असणार. छपाईची चूक म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यातही 'त्वेचा पोत'. तिसऱ्यातही. सातांमध्ये तीच चूक, त्याच वाक्यात. उरलेले दोन तर नुसत्या जाहिराती. कपाटातलं कंपनीचं माहितीपत्रक काढून बघितलं. पान दोन, ओळ चार: 'त्वेचा पोत'.

म्हणजे कंपनीने सांगितलं, सात जणांनी उतरवलं, आणि आता कंपनी म्हणते सात जणांनी सांगितलं. ग्रंथालयात मी मुलांना हेच शिकवायचे. ज्याची गोष्ट आहे त्याने स्वतः सांगितलेली किंवा दुसऱ्याच्या तोंडून वदवलेली मोजायची नाही. तिसऱ्याने स्वतः बघून, स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलेलं हवं. एकेचाळिसांत तसा तिसरा एकही नाही.

घरी येऊन हे रंगवून सांगितलं. वहिनी हसली. दादा चमच्याने जेवत होता, हल्ली तसाच जेवतो, त्यामुळे वहिनी त्याला साहेब म्हणते. "त्वेचा," तो म्हणाला. हाताला खाज आहे, साबण बाधतो म्हणून त्याने औषध लावून सुती हातमोजे घातले होते. उन्हाळा लागला तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी म्हटलं डॉक्टरला दाखव. म्हणाला दाखवलंय.

शुक्रवार, १५ मार्च

मॅडमशी वाजलं. ज्ञानकोशाचा नियम आहे की पगार घेऊन लिहिणाऱ्याने तसं जाहीर करावं. मी माझ्या खात्यावर जाहीर केलं: 'टेव्हेलिन बनवणाऱ्या कंपनीत मी नोकरीला आहे.' ते मॅडमच्या नजरेला पडलं.

"हे कशासाठी लिहिलंत?"

"नियम आहे, मॅडम."

"नियम त्यांचा आहे. पगार आपला आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरून, दुसऱ्या नावाने खातं उघडा आणि सामान्य वाचक म्हणून लिहा. कोण बघतंय?"

मी म्हटलं जमणार नाही. त्या रागावल्या नाहीत. कागद नीट करत त्यांनी चौकशी केली: क्वार्टर आवडलं का, पाणी येतं का वेळेवर, दादांची अजून किती वर्षं राहिली नोकरीची. एवढंच. 

रविवार, १७ मार्च

उघडलं खातं. नाव दिलं 'रिकामी ओंजळ'. त्याच त्या एकेचाळिसांतले बरे दिसणारे सहा संदर्भ लावून लेख पाठवला. वहिनीने विचारलं सुटीच्या दिवशी काय करतेस. म्हटलं, एका पुस्तकाची चौकशी करतेय. खोटं बोलायची गरज नव्हती. ती काही तपासायला येणार नव्हती. पण एक सुरू केलं की दुसरं आपोआप तोंडात येतं.

सोमवार, २५ मार्च

जुन्या छत्रीने ओळखलं. रिकाम्या ओंजळीच्या पानावर निरोप ठेवलाय, सगळ्यांना दिसेल असा:

"तुम्ही आणि कंपनीच्या त्या जाहीर खात्यातल्या बाई, दोघींनाही अर्धविराम फार आवडतो. हल्ली तो वापरणारे मोजकेच आहेत. हे दुसरं खातं मी बंद करत आहे. पहिलं ठेवतो, कारण त्यावर तुम्ही खरं लिहिलं होतं. लेख परत पाठवत आहे. संदर्भ मिळाला तर मला आनंदच होईल. टेव्हेलिनबद्दल मलाही जाणून घ्यायचं आहे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दिवसभर त्या निरोपाकडे बघायचं धाडस झालं नाही. दाराचं कार्ड दोनदा कुठेतरी विसरले, दुसऱ्या कोणाच्या मागोमाग आत आले आणि दोन्ही वेळा आतच अडकले. कोणी येऊन दार उघडेपर्यंत दाराच्या बंद काचेसमोर उभी.

मंगळवार, २ एप्रिल

मॅडमनी आता स्वतःच वाट काढली. एक नावाजलेले त्वचारोगतज्ज्ञ टेव्हेलिनवर आढावा लिहिणार. चांगल्या नियतकालिकात छापून येणार. ते कंपनीचे नोकर नाहीत, त्यांना संशोधनाची मदतही दिलेली नाही. "झाला की तुमचा तिसरा माणूस," मॅडम म्हणाल्या.

मसुदा कोण लिहिणार? मी. माहिती कुठून? त्या फाइलमधून. आज चौदा पानं पाठवली. संध्याकाळी डॉक्टरांकडून परत आली, एक स्वल्पविराम काढून.

म्हणजे मीच लिहायचं, त्यांच्या नावाने छापायचं, मग मीच तो संदर्भ म्हणून लावायचा. घाण्याच्या बैलाला निदान डोळ्यांवर पट्टी असते.

शनिवार, ६ एप्रिल

अर्धी सुटी घेऊन जुन्या ग्रंथपाल सरांकडे गेले. ग्रंथालयाची खोकी त्यांच्याच गॅरेजमध्ये आहेत. सर म्हणाले, "बंद झाल्यावरही नियतकालिकं येत राहिली. वर्गणी भरलेली होती. फोडायला कोणी नाही म्हणून तशीच टाकलीत."

वेष्टनातली दोनेकशे नियतकालिकं. दुपारी चारच्या सुमाराला मिळालं. कामगारांच्या आजारांवरचं एक पातळ त्रैमासिक, फक्त छापील निघतं, इंटरनेटवर नाही. त्यात आपल्याच सरकारी रुग्णालयातल्या एका डॉक्टर बाईंनी लिहिलेली साडेतीन पानं. टेव्हेलिन तयार करणाऱ्या विभागातले चार कामगार. चौघांच्याही हातांचा रंग गेलेला, कायमचा. बाईंनी चाचण्या केल्यात, इतर कारणं एकेक करून वगळलीत, दोन तज्ज्ञांनी छापण्याआधी तपासलंय. कंपनीशी कसलाही संबंध नाही. कोणी मागितलं नव्हतं, कोणी पैसे दिले नव्हते. त्यांनी बघितलं आणि लिहिलं.

पाच आठवडे मी हेच शोधत होते. खोक्यावर बसून दोनदा वाचलं. रुग्ण तीनबद्दल लिहिलंय: 'पुरुष, मिश्रण विभागात दीर्घकाळ नोकरी. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. लोक कोड समजतील या भीतीने नातेवाइकांनाही दाखवत नाही.' वाचून गलबललं. कोण असेल बिचारा. दादाच्याच विभागातला आहे. त्याला विचारायला हवं.

रविवार, ७ एप्रिल

दुपारी जेवताना विचारलं. म्हटलं, "दादा, तुमच्या विभागात कोणाच्या हातांना पांढरे डाग आहेत का रे? डॉक्टरांनी लिहिलंय. एक तर घरच्यांपासूनही लपवतो म्हणे."

"असेल कोणीतरी," दादा म्हणाला. "बरेच लोक आहेत."

"तुझ्या लक्षात नाही आलं?"

"सगळे हातमोजे घालतात, पंडित. कसं लक्षात येणार?"

वहिनी ताटावरून उठली. पाणी आणायला म्हणून आत गेली आणि आलीच नाही. तांब्या टेबलावर भरलेला होता.

सोमवार, ८ एप्रिल

मी हे उद्यावर ढकलणार होते, पण लिहिलं नाही तर मी स्वतःला काहीतरी बरं वाटेल असं सांगेन.

सकाळी वहिनी धुतलेले कपडे घड्या करत होती. मी दादाचा शर्ट उचलला तर तिने हातातून काढून घेतला.

"तुला वाचता सगळं येतं," ती म्हणाली, "बघता काही येत नाही."

मी काय म्हणून विचारलं. विचारतानाच कळलं. खरं तर आधीच कळलेलं असणार. मी त्या कळण्याला दारात उभं करून ठेवलं होतं.

वहिनी म्हणाली, चार वर्षं झाली. आधी बोटांच्या पेरांवर, मग वर चढत गेलं. तिला त्याने आठ महिने दाखवलं नव्हतं. तिने मध्येच एकदा अचानक न्हाणीचं दार उघडलं तेव्हा त्याने हात पाठीमागे घेतले, चोरी पकडल्यासारखे. गेल्या वर्षी ती त्याला ओढत सरकारी रुग्णालयात घेऊन गेली. डॉक्टर बाईंनी कागद पुढे केला, नाव छापणार नाही म्हणाल्या. त्याने सही केली. परतीच्या वाटेवर म्हणाला, कुठेतरी लिहून राहिलं म्हणजे झालं, वाचणार कोण आहे.

"तू येणार म्हटल्यावर त्याने मोजे आणले," वहिनी म्हणाली. "बहीण पुस्तकं वाचते, ओळखेल म्हणून."

मी पाच महिने त्याच टेबलावर जेवतेय.

रविवार, १४ एप्रिल

आठवडाभर दादा माझ्याशी हवापाण्याचं बोलत राहिला. आज क्वार्टरच्या जिन्यात त्याला गाठलं. तो वर्तमानपत्र घेऊन बसला होता. मी शेजारी बसले.

"दाखव," म्हटलं.

त्याने वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. मग त्याने डाव्या हाताचा मोजा काढला. कोपरापर्यंत. लहानपणी आम्ही भिंतीला चुना लावायचो तेव्हा त्याचे हात असे दिसायचे, पण ते संध्याकाळी धुऊन निघायचे.

"दुखतं का?"

"नाही. दुखत असतं तर तक्रार करता आली असती." त्याने मोजा परत चढवला. "तू ते ज्ञानकोशात घालणार?"

"स्वतंत्र संदर्भ आहे, दादा. एकमेव आहे. मी स्वतः घालू शकत नाही, माझे हितसंबंध आहेत. पण जुन्या छत्रीला सांगू शकते."

"चौघंच आहोत. मॅडमना शोधायला दहा मिनिटं लागतील. मग नोकरी जाईल, क्वार्टर जाईल. या वयात, असले हात घेऊन मला कोण ठेवून घेणार?"

"आणि नाही सांगितलं तर तू तसाच त्या पातेल्यांत हात घालणार."

"मी आहेच आत," तो म्हणाला. "तू लिहिलंस तरी, नाही लिहिलंस तरी. फक्त लिहिलंस तर तुम्हा दोघींनाही ओढून घेईन." जिन्यावरून शेजारचे कोणीतरी गेले, तो थांबला. "वचन दे."

दिलं. दुसरं काय करणार होते.

सोमवार, २२ एप्रिल

आढावा गेल्या आठवड्यात इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. मॅडमनी माझ्याच खात्यावरून, माझ्याच संगणकावर बसून लेख पुन्हा पाठवला. मी बाजूला उभी होते. जुन्या छत्रीने तीन दिवस घेतले आणि स्वीकारला. लिहिलंय: "अखेर एक स्वतंत्र आढावा मिळाला. अभिनंदन."

 भला माणूस, आणि मी त्याला माझंच अक्षर दुसऱ्याच्या सहीने वाचायला लावलं.

विभागात टाळ्या झाल्या. प्रत्येकाला क्रीमचा एकेक खोका. माझा वहिनीने दाराबाहेर कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला. संध्याकाळी कोणीतरी उचलून नेला होता. ते पाहून ती आणखीच अस्वस्थ झाली. "मी फोडून टाकायला हवा होता," दोनदा म्हणाली.

शुक्रवार, २६ एप्रिल

काही नाही. भिंतीपलीकडे दादाच्या विभागातला मिक्सर. वास. माझ्या लेखाला चार दिवसांत नऊशे वाचक.

सोमवार, २९ एप्रिल

सकाळी लेख उघडला तर तळाशी नवीन भाग. मथळा: 'कामगारांना होणारा तरास'. खाली:

'टेव्हेलिन तयार करणाऱ्या पाच जणांच्या हाताचा रंग गेला आहे. परत येत नाही.'

पुढे संदर्भ म्हणून त्रैमासिकाचं नाव, अंक, पान. सगळं बिनचूक. लिहिणाऱ्याचं खातं नाही, इंटरनेट जोडणीचा नुसता आकड्यांचा पत्ता.

माझ्या मनात पहिल्यांदा डॉक्टर बाईच आल्या. त्यांना कोणीतरी लेख दाखवला असणार. बरंही वाटलं आणि भीतीही; आणि माझं वचन मोडलं नाही म्हणून थोडं सुटल्यासारखंही वाटलं, ते लिहून ठेवते. मग म्हटलं, डॉक्टर 'त्रास'ला 'तरास' का लिहितील? बदलांची नोंद उघडली. दोन ओळी लिहायला सतरा वेळा साठवलंय. एकदा फक्त 'टे'. मग 'टेव्हे'. मग सगळं पुसलेलं. मग पुन्हा. काल दुपारी एक ते अडीच.

काल दुपारी एक ते अडीच मी आणि वहिनी बाजारात होतो. दादा घरी होता. माझा संगणक टेबलावर उघडा होता, त्रैमासिक त्याच्याखाली.

मोजे घालून कळा दाबता येत नाहीत, मी एकदा थंडीत करून पाहिलंय. त्याने ते काढले असणार.

गुरुवार, २ मे

त्याला विचारलं नाही.  बोलायला तोंड उघडलं की दोघंही टीव्हीचा आवाज वाढवतो.

शुक्रवार, ३ मे

मॅडमनी बोलावलं. सोबत कंपनीचे वकील. टेबलावर लेखाची छापील प्रत, त्या दोन ओळींभोवती लाल गोल.

वकील म्हणाले, "हा पत्ता कंपनीच्या वसाहतीतला आहे. तुमच्या इमारतीतला. लिहिणारा आतल्या माहितीचा आहे. अहवालात चौघे आहेत, इथे पाच लिहिलंय. पाचवा कोण?"

"मला माहीत नाही," म्हटलं. ते खरंच होतं.

मॅडम म्हणाल्या, "मिश्रण विभागातल्या सगळ्यांचे हात तपासायचं ठरतंय. सोमवारपासून. ज्याने लिहिलंय त्याने आधीच सांगितलं तर इतरांना तसदी नको." बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, बाही सारखी करत होत्या. मला वाटलं, यांनाही हे नकोय. पण असं वाटून काय उपयोग.

"मीच लिहिलं," मी म्हटलं.

"मग 'तरास' असं का?" वकिलांनी विचारलं. हुशार माणूस.

"माझ्या अर्धविरामावरून मला एकदा पकडलंय. म्हणून या वेळी मुद्दाम अडाण्यासारखं लिहिलं."

अडाण्यासारखं. हा शब्द तोंडातून गेला आणि दादाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. परत घेता येईना; घेतला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. वकिलांनी लिहून घेतलं. मी सही केली.

सोमवार, ६ मे

कार्ड जमा केलं. शिपायाने दार उघडून धरलं तेव्हा क्षणभर पाय उचलेना, कार्डाशिवाय बाहेर पडायची सवयच मोडली होती.

घरी येऊन जुन्या छत्रीला सगळं लिहिलं. आढाव्याचा मसुदा माझा होता, हेही. आता कोणाचा पगार नाही म्हणून लिहिता आलं, यात शौर्य काही नाही. दुपारी उत्तर आलं: "आढावा काढून टाकला आहे. गेल्या आठवड्यात मागवलेली त्रैमासिकाची प्रत आज पडताळली. मजकूर संदर्भाशी जुळतो, फक्त संदर्भात चार रुग्ण आहेत. म्हणून 'पाच'चे 'चार' केले. 'तरास' सुधारला. बाकी वाक्य तसंच ठेवलं आहे. इतकं स्वच्छ वाक्य रोज वाचायला मिळत नाही."

उत्तर दादाला वाचून दाखवलं. तो खिडकीकडे तोंड करून ऐकत होता.

"पाचाचे चार का केले?" त्याने विचारलं.

"छापलेले चारच आहेत, दादा. पाचवा छापलेला नाही."

"पण आहे."

"असेल. पण कोणीतरी बघून लिहिल्याशिवाय ज्ञानकोशात धरत नाहीत."

"मूर्ख नियम," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "बरोबर आहे पण." आणि मग माझ्याकडे न बघता, "तू का सांगितलंस तूच लिहिलं म्हणून?"

"मला तसलं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून."

तो हसला नाही. पण आज टीव्ही लावला नाही.

रविवार, १२ मे

पाचवी एक बाई आहे. दादाच्याच पाळीतली, दोन वर्षांपूर्वी लागलेली. डाग नुकते बोटांपर्यंत आलेत. दादाने आज तिला घरी बोलावलं. ती आली, दाराशीच उभी राहिली. दादाने आधी स्वतःचे मोजे काढले, मग तिला आत ये म्हणाला. वहिनी भिंतीला टेकून बघत होती.

डॉक्टर बाई रविवारीही दोन तास बसतात. आम्ही चौघं गेलो. बाई वयाने लहान निघाल्या; मी उगाच पिकल्या केसांची कल्पना केली होती. त्यांनी बोटं दिव्याखाली धरली, फोटो काढले, भराभर लिहिलं.

"हे छापून यायला सात-आठ महिने जातील," म्हणाल्या. "तोवर टेव्हेलिनला हात लावायचा नाही. अजिबात. तुमचं आत्ता थांबलं तर पुढे जाणार नाही कदाचित."

"मग उद्या कामावर जाऊ की नको?" तिने विचारलं.

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं.  

दादा म्हणाला, "जायचं. पण आधी बाकीच्या तिघांना भेटू आज."

सोमवार, १३ मे

मी फाटकापर्यंत सोबत गेले. पाच जण आत गेले, पाचांचेही हात उघडे. रखवालदार प्रत्येकाकडे बघायचा आणि मग पटकन वहीत मान घालायचा. सकाळचे आठ.

मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. मनात नको ते सगळं येऊन गेलं; क्वार्टरची नोटीस, सामान कशात बांधायचं, सरांच्या गॅरेजमध्ये जागा आहे का. आज ना उद्या ती नोटीस येणारच, मला त्याबद्दल भ्रम नाही. साडेनऊ झाले. पावणेदहाला ते बाहेर आले. पाचही.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"मिक्सरवर जाणार नाही, दुसरं कुठलंही काम द्या म्हटलं," दादा म्हणाला. "साहेब म्हणाले, वरून उत्तर येईपर्यंत वाट बघा."

"मग?"

"आम्ही म्हटलं, बाहेर बसून बघतो."

आणि ते बसले. फाटकासमोर, फुटपाथच्या कडेला, ओळीने. त्या बाईने आधी हात पदराखाली घेतले होते. दादा तिच्याशी काहीतरी बोलला, मग तिने ते गुडघ्यांवर ठेवले. दहाच्या पाळीचे लोक येऊ लागले होते. काही जण थांबून बघत होते.

मी वहिनीला फोन केला.

"किती जणांचं जेवण आणू?" तिने विचारलं.

मी पाच म्हणणार होते. मग मीही जाऊन त्या ओळीच्या टोकाला बसले आणि सहा म्हणाले.